सह्याद्रीतली ऑर्किड आणि इतर वेगळ्या वनस्पतींचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचे ढग जमू लागले की रानफुलांच्या नादी लागलेल्यांचे फोन वाजायला लागतात. नवे लोक साधारण तेच ते विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. घाटमाथा, कोकणातले सडे आणि गोव्यातली जंगलं एवढाच यातला टापू. स्पर्धेतल्या बक्षिसांचा विचार इथे केलेला नाही. ज्या फोटोवरून झाड ओळखता येतं आणि ज्याच्यासाठी झाडाला काही सोसावं लागलं नाही, तो फोटो चांगला, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

ऑर्किड बघायची तर सिक्कीम-अरुणाचललाच जायला हवं ना?

जमलं तर जरूर जा, पण त्यासाठी अडून राहू नका. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने देशातल्या ऑर्किडच्या १,२५६ जाती नोंदवल्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत हे खरं, तरी महाराष्ट्रातही शंभराहून जास्त जाती आहेत. अडचण आपल्या डोळ्यांची असते. फुलवाल्याकडच्या टपोऱ्या जांभळ्या ऑर्किडची सवय झालेली, आणि आपल्याकडची बरीचशी फुलं नखाएवढी, हिरवट-पांढरी, गवतात हरवलेली. कोकणात परसातल्या आंब्यावर रास्ना वर्षानुवर्षं मुक्काम करून असते आणि घरच्यांना तिच्याबद्दल ‘वर काहीतरी उगवलंय’ यापलीकडे माहिती नसते. पहिल्या वर्षी लांबचे दौरे आखू नका. घराजवळचा एखादा घाट किंवा देवराई निवडा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा. पान कुठे दिसलं होतं हे लक्षात असेल तर फूल सापडतं.

कुठल्या महिन्यात काय मिळेल?

सप्टेंबरात कासला जायचं एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. ऑर्किडच्या बाबतीत खरा हंगाम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

होळीच्या आगेमागे घाटातल्या झाडांवर डेंड्रोबियम बार्बाट्युलम फुललेलं असतं. पानं गळून गेलेल्या, वाळक्या दिसणाऱ्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस. याचंच भावंड डेंड्रोबियम ओव्हाटम थोडं आधी, थंडीत फुलतं. मे-जूनमध्ये सीतेची वेणी येते, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. फांदीवरून खाली लोंबणारा फुलांचा गच्च गजरा असतो आणि हा एकदा बघितलेला माणूस सहसा या छंदातून बाहेर पडत नाही. त्याच सुमाराला एरिडिसच्या गुलाबी मंजिऱ्याही असतात. जमिनीवर बघाल तर पहिल्या पावसाआधी-नंतर नर्व्हिलियाचं फूल पानाशिवाय, एकटंच वर येतं. फूल सुकून गेल्यावर मग तिथे एकच पान उगवतं. त्यामुळे जुलैत ती पानं दिसली तर जागा लिहून ठेवा, काम पुढच्या जूनचं आहे.

जुलैपासून हॅबेनारियांचं राज्य. सुरुवातीला जमिनीला चिकटलेल्या एक-दोन गोलसर पानांतून पांढरं फूल काढणारी हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, मग ऑगस्ट-सप्टेंबरात हॅबेनारिया हेनिआना, जिला सगळे टूथब्रश ऑर्किड म्हणतात कारण फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागतात. वाघचौरा याच दिवसांत बघायचा. कमरेएवढं झाड, मोठं पांढरं फूल, झालरीसारखी कातरलेली पाकळी आणि संध्याकाळनंतर सुटणारा वास. पावसाळा उताराला लागला की ओबेरोनियाकडे वळा. तिची फुलं दोन मिलिमीटरच्या आसपास असतात. नवख्याने तिच्यापासून सुरुवात केली तर तो छंदच सोडून देईल.

नोव्हेंबर ते जानेवारीत फुलं कमी असतात, पण बोंडं फुटलेली मिळतात. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. उन्हाच्या तिरिपीत ते उडताना टिपता आलं तर तो फोटो फुलाच्या फोटोहून दुर्मीळ.

झाडावर वाढलेलं हे ऑर्किड आहे की बांडगूळ?

गावोगाव दोघांनाही बांडगूळच म्हणतात आणि आंब्याची निगा राखताना दोन्ही एकदमच छाटली जातात, म्हणून हे नीट ओळखता यायला हवं. बांडगुळाची मुळं यजमान झाडाच्या फांदीच्या आत घुसतात आणि रस शोषतात. जिथे ते रुजतं तिथे फांदीला गाठ आलेली दिसते. ऑर्किड फक्त सालीवर बसतं. त्याची मुळं बाहेरून पसरलेली असतात, जाड, पांढुरकी, आणि पाऊस पडला की हिरवी दिसतात, कारण त्यांच्यावरचा स्पंजासारखा थर पाणी धरून ठेवतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. कोरड्या आणि ओल्या मुळाचे शेजारी शेजारी दोन फोटो ठेवले तर गावातल्या शाळेत समजावून सांगायला त्याहून चांगलं साधन नाही.

फोनवर जमेल का?

जमेल. पहिला पावसाळा फोनवरच काढा, असा माझा आग्रह आहे.

फोनमधल्या ‘मॅक्रो’ मोडवर मात्र भिस्त ठेवू नका. बऱ्याच फोनमध्ये तो अल्ट्रावाइड लेन्स वापरतो, त्यामुळे फुलाच्या तीन-चार सेंटिमीटर जवळ जावं लागतं, फोनची सावली फुलावर पडते आणि मागचं सगळं रान फोटोत घुसतं. त्याऐवजी वीतभर लांब राहा, दुप्पट किंवा तिप्पट झूम लावा आणि नंतर फोटो कातरा. फुलावर बोट दाबून धरलं की फोकस तिथे कुलूपबंद होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. जमिनीलगतचं फूल असेल तर फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते आणि फुलाच्या पातळीवरून फोटो मिळतो. गुडघ्यात वाकून वरून काढलेल्या फोटोत टूथब्रश ऑर्किड गवताच्या काडीसारखं दिसतं. त्याच्या उंचीवर उतरलात की फुलं एका ओळीत कशी मांडली आहेत ते कळतं.

चिमट्यासारख्या क्लिपने लावायच्या मॅक्रो लेन्स स्वस्त असतात आणि ओबेरोनियासारख्या बारक्या फुलांना उपयोगी पडतात. त्यांच्या कडा धुरकट येतात, म्हणून फूल मधोमध ठेवायचं.

कॅमेरा घ्यायचाच ठरवला, तर कोणता?

बॉडी कुठलीही चालेल, जुनी घेतली तरी चालेल. पैसे लेन्सवर घाला. ९० ते १०५ मिलिमीटरची, एकास एक आकार देणारी, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराचं उमटवणारी, मॅक्रो लेन्स या कामाला बरोबर बसते. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रोने फुलाच्या फार जवळ जावं लागतं आणि आपणच उजेड अडवतो. झाडावरची ऑर्किड बहुधा वीस-तीस फुटांवर असतात, तिथे मॅक्रो निरुपयोगी. त्यासाठी ७०-३०० सारखी साधी टेलिझूम बरी. पैसे कमी असतील तर हीच आधी घ्या आणि तिला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावून जवळची कामंही भागवा.

ट्रायपॉड घेताना तो किती उंच जातो हे विचारू नका, किती खाली बसतो ते विचारा. मला स्वतःला त्याच्यापेक्षा उशीच जास्त आवडते. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवायची आणि आत धान्य भरायचं. धान्य भिजलं की आंबतं, म्हणून ते आधी प्लास्टिकमध्ये बांधून घ्या.

सेटिंग काय ठेवायचं?

एफ/ पुढचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एकास एक आकारात एफ/८ ला, फुलफ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. एफ/१६ ला साधारण दोन. हा हिशोब डोक्यात ठेवला की बाकीचं आपोआप सुचतं. सगळं फूल स्पष्ट येणारच नाही, तेव्हा काय स्पष्ट हवं ते आधी ठरवा. ऑर्किडमध्ये माझं उत्तर ठरलेलं असतं : फुलाच्या मधला कॉलम, म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र होऊन झालेला खांब, आणि त्याच्या पुढ्यातली लिप, म्हणजे बाकीच्यांहून वेगळी असलेली ती एक पाकळी. हे दोन धारदार आले की मागच्या पाकळ्या मऊ झाल्या तरी बिघडत नाही.

हातात कॅमेरा असेल तर एफ/८ ते एफ/११, शटर १/२५० च्या आसपास, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) लागेल तितका वाढवा. एफ/१६ च्या पुढे गेल्यावर खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळ्याच फोटोची धार बोथट होते. फूल स्थिर असेल तर वेगवेगळ्या फोकसचे दहा-पंधरा फोटो काढून संगणकावर एकत्र करता येतात, त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. पठारावरच्या वाऱ्यात ते विसरा. देवराईच्या आत, सकाळी, जमतं.

वारा थांबतच नाही. काय करू?

थांबा. वारा झुळकांनी येतो आणि दोन झुळकांच्या मधे क्षणभर फूल जागेवर येतं. बोट बटणावर ठेवून बसायचं आणि तेव्हा तीन-चार फोटो पटापट काढायचे. छत्री वाऱ्याच्या बाजूला टेकवून ठेवली तर बराच फरक पडतो. दांडा चिमट्याने धरून बाजूला रोवलेल्या काडीला बांधतात, तेही चालतं, पण ऑर्किडचा दांडा रसरशीत असतो आणि सहज चिरडतो, म्हणून त्याला चिमटा लावू नका. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

पांढरं फूल नुसता पांढरा ठिपका येतं आणि जांभळं फूल भलत्याच रंगाचं. असं का?

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पांढरं फूल गडद हिरव्या रानात असतं. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, रान काळोखं आहे असं समजून उजेड वाढवतो आणि फुलावरच्या रेषा धुऊन जातात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा आणि स्क्रीनवरच्या हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजवा टोकाचा भाग कापला जात नाही ना ते बघा. रान काळपट आलं तर नंतर उजळवता येतं, जळालेली पाकळी परत आणता येत नाही.

जांभळ्याचं कारण निराळं. कारवीसारखी काही फुलं डोळ्याला क्वचितच जाणवणारा लालसर आणि त्यापलीकडचा प्रकाशही बराच परतवतात. सेन्सरला तो आपल्यापेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे निळसर जांभळं फूल गुलाबीकडे झुकतं. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढा, त्याच उजेडात एक फोटो करड्या कार्डाचा घ्या आणि घरी रंग जुळवा. तरीही थोडा फरक राहतोच, म्हणून वहीत रंग शब्दांत लिहून ठेवा. हसू येईल, पण ओळख पटवणाऱ्याला त्या दोन शब्दांचा उपयोग होतो.

फ्लॅश वापरावा का?

झाडांच्या दाट सावलीत वापरावाच लागतो. नुसता मारू नका, समोर बटर पेपर किंवा दुधी प्लास्टिक लावा. फूल लहान असल्यामुळे वहीच्या पानाएवढा पडदाही मोठ्या खिडकीचं काम करतो. खालून उजेड उचलायला वेफरच्या पाकिटाची चंदेरी आतली बाजू छान चालते, फक्त ते पाकीट परत घेऊन या.

काळ्याकुट्ट पार्श्वभूमीची सध्या फार टूम आहे. दिसायला सुरेख, पण त्या फोटोतून झाड कुठे वाढलं, शेवाळात की कातळावर, हे सगळं पुसलं जातं. एखादा काढा, सगळे तसे काढू नका.

झाड ओळखता यावं म्हणून कोणते फोटो हवेत?

सर्वांत जास्त निराशा इथे होते. माणूस दिवसभर रान तुडवून एकाच फुलाचे पन्नास फोटो आणतो, सगळे समोरून, आणि मग अभ्यासक म्हणतात, ‘स्पर दिसत नाही, सांगता येणार नाही.’

हॅबेनारियाचंच घ्या. फुलाच्या मागे शेपटीसारखी एक पोकळ नळी असते, तोच स्पर. तिच्यात मध असतो आणि लांब सोंडेचे पतंग तो प्यायला येतात. कुठल्या जातीत ही नळी आखूड, कुठे लांब, कुठे टोकाला फुगीर. म्हणून बाजूने काढलेला एक फोटो हवाच, ज्यात स्पर आणि त्याच्या शेजारचा देठासारखा दिसणारा बीजकोश दोन्ही येतील. दोघांच्या लांबीची तुलना करूनच कित्येकदा जात ठरते. समोरून एक फोटो, लिपचे किती भाग आहेत ते मोजता येईल असा. पानांचा एक, कारण पानं जमिनीलगत आहेत की दांड्यावर चढलेली, यावर बरंच अवलंबून असतं. मग पूर्ण झाड, आणि शेवटी दोन पावलं मागे जाऊन आजूबाजूच्या जागेचा. झाडावरचं ऑर्किड असेल तर यजमान झाडाची साल आणि पानंसुद्धा.

मापासाठी लोक एक रुपयाचं नाणं फुलाला टेकवतात. त्यापेक्षा पातळ प्लास्टिकची मोजपट्टी शेजारी, फुलाच्याच अंतरावर धरा. नाणी वेळोवेळी बदलली आहेत. दहा वर्षांनी तो रुपया कुठला होता हे कुणाला आठवणार?

फूल खालून वर बघताना एक गंमत लक्षात ठेवा. बहुतेक ऑर्किडचं फूल उमलताना देठाशी अर्धा वळसा घेतं, म्हणून लिप खाली येते. कळी, अर्धवट उमललेलं आणि पूर्ण उमललेलं फूल एकाच दांड्यावर असेल तर तिन्ही एका फोटोत घ्या. हा वळसा त्यात दिसतो.

कंदीलखर्चुडी शोधूनही सापडत नाही. ती कुठे असते?

कंदीलखर्चुडी, म्हणजेच सेरोपेजिया, हा सह्याद्रीचा खास ऐवज आहे आणि इथल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. हरिश्चंद्रगडाशी सेरोपेजिया लॉई चं नाव जोडलेलं आहे, सिंहगडाशी सेरोपेजिया मॅकॅनी चं. वेल सेरोपेजिया विन्सिफोलिया तुलनेने पुष्कळ ठिकाणी, झुडपांच्या कडेने मिळते. पहिली ओळख तिच्याशी करून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर हे दिवस.

ती सापडत नाही कारण फूल हिरव्या-जांभळट ठिपक्यांचं असतं आणि आपण फूल शोधत असतो. समोरासमोर जोडीने आलेली पानं आणि गवतावर चढणारं बारीक खोड शोधा. गुराख्यांना विचारा. याचे कंद रानात चवीने खाल्ले जातात, त्यामुळे त्यांना ती जागा आपल्यापेक्षा पक्की माहीत असते. अर्थात कंद खणले जाणं हेच तिच्या मुळावर आलेल्या कारणांपैकी एक आहे, तेव्हा ‘दाखवा’ म्हणा, ‘काढून द्या’ असा अर्थ निघेल असं काही बोलू नका.

फोटोसाठी फुलाची रचना समजून घ्यावी लागते. वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, मधे नळी, खाली फुगीर तळ. बारक्या माश्या वासाने येतात, नळीत घसरतात आणि आतल्या खालच्या दिशेला वळलेल्या केसांमुळे वर येऊ शकत नाहीत. पुढे केस कोमेजतात, माशी सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलात अडकते. हे सगळं बाहेरून दाखवायचं तर मागून उजेड द्या. अनेक जातींच्या तळाकडचा भाग अर्धपारदर्शक असतो आणि आत माशी असेल तर तिची सावली दिसते. नळी उभी चिरून आतले केस दाखवणारे फोटो पुस्तकांत असतात; ते अभ्यासकांनी परवानगी घेऊन केलेलं काम आहे, आपण त्या वाटेला जायचं नाही.

कासला कीटक खाणाऱ्या वनस्पती कुठे बघायच्या?

पायाखाली. दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा, पातळ ओल्या मातीत, लालसर. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीवर चक्रासारखी पसरते, ड्रॉसेरा इंडिका उभी वाढते. दोघींच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. समोरून आलेल्या उजेडात ते थेंब मरतात. सूर्य झाडाच्या मागे ठेवा की प्रत्येक थेंब पेटतो. सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलारिया, पठारावर निळ्या-जांभळ्या गालिच्यासारखी पसरतात. त्यांचे सापळे मात्र मातीत आणि पाण्यात दडलेले असतात, ते उपटल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून तो फोटो काढायचाच नाही.

कास हे २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत आलं. महाराष्ट्रातून त्यात कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. हंगामात कासला प्रवेशावर मर्यादा असते आणि नोंदणी आधी करावी लागते. शनिवार-रविवारी जाऊ नका, एवढंच सांगतो.

कारवी पुन्हा कधी फुलणार?

ती सात वर्षं नुसती वाढते, मग एकदम फुलते, बी धरते आणि मरते. पण सगळ्या डोंगरांचं वर्ष एक नसतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली मोठा बहर आला होता; तुमच्या डोंगराचा हिशोब तिथल्या गावकऱ्यांना आणि मधपाळांनाच विचारा. बहर हुकला तरी वाळलेल्या बोंडांची रानंच्या रानं फोटोला वाईट नसतात.

शेवळा आणि सापकांद्याचे फोटो भीतीदायक येतात. तसेच यावेत का?

का येऊ नयेत! शेवळा पावसाच्या तोंडावर पानाआधी जमिनीतून वर येतो, वासाने किडे बोलावतो, आणि ठाणे-रायगडकडे काकडं (काकड या झाडाची आंबट फळं) घालून त्याचीच भाजी होते. बाजारात वाट्यावर मांडलेला शेवळा आणि रानात उभा असलेला शेवळा, दोन्ही काढा. सापकांद्याच्या पांढऱ्या फडीच्या आत डोकावून फोटो घ्या, कारण खरी फुलं आत, दांड्याच्या तळाशी असतात. कंद लहान असताना झाड नर आणि पुरेसं पोसल्यावर मादी, असा त्याचा प्रकार आहे. तेच झाड दरवर्षी टिपलंत तर हा बदल तुमच्याकडे नोंदलेला राहील.

फोटोच्या आड येणारं गवत उपटलं तर काय बिघडलं?

ते ‘गवत’ नेमकं काय आहे हे तुम्हाला माहीत असतं का? पठारावर चार बोटं माती असते आणि तिच्यात गेंद, आसवं, दवबिंदू आणि अजून न फुललेली ऑर्किडची पानं एकमेकांत मिसळून असतात. आडवी येणारी काडी बाजूला वाकवा, कपड्याच्या चिमट्याने दुसऱ्या काडीला अडकवा आणि निघताना सोडा. शिवाय फुलाभोवतीचं आवरण काढलंत की ते गुरांना आणि पुढच्या माणसाला लांबूनच दिसतं.

गुडघा टेकण्याआधी ती जागा बघा. कातळ दिसत असेल तर कातळावर टेका. गटाने असाल तर एकेकाने जायचं, सगळ्यांनी फुलाभोवती कडं करायचं नाही. पाण्याचे खोटे थेंब मारू नका. पावसाळ्यात खरे पुरून उरतात. फांदीवरचं ऑर्किड खाली ओढू नका. वादळात फांदी मोडून पडलेली असेल तर ती एक संधी आहे, हाताच्या उंचीवर सगळं निवांत टिपता येतं.

मग ते पडलेलं ऑर्किड घरी नेऊन लावू का?

अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात वनस्पतीही येतात. सगळी ऑर्किड ‘साइट्स’ (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणजे सीमेपलीकडच्या व्यापारावरही बंधन आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जमिनीतली ऑर्किड कुंडीत बहुधा जगत नाहीत. त्यांच्या बियांत साठवलेलं अन्न जवळपास नसतं, रुजायलाच विशिष्ट बुरशीची सोबत लागते, आणि पुढेही ती मातीशी बांधलेली राहतात. घरी हवीच असतील तर रोपवाटिकेत तयार केलेली घ्या.

जागा सांगावी का?

वाघचौरा, कंदीलखर्चुडी, शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका, कड्यांवर वाढणारी दुर्मीळ वनस्पती) यांची नेमकी जागा सांगू नये, हे माझं ठाम मत. तालुका सांगा, फार तर गडाचं नाव, तेही आधीच सर्वज्ञात असेल तर. शिंदळ माकुडी शिवनेरी-पुरंदरच्या कड्यांवर असते हे सर्वांना माहीत आहे, पण कड्याचा कुठला कोपरा, हे तुमच्यापाशी राहू द्या. ती टिपायला दोराशिवाय कड्यावर उतरणारे वीर भेटतात. खालून टेलिझूमने काढलेला फोटो पुरेसा होतो.

फोनच्या फोटोत जीपीएसचे आकडे लपलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते गळतात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर शाबूत जातात. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) नोंद करताना जागा ‘धूसर’ करायचा पर्याय निवडा, मग नकाशावरचा ठिपका साधारण वीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेही पडतो.

जळवा, साप, पाऊस… कसं सांभाळायचं?

जळवा आंबोली, कोयना, भीमाशंकरला असणारच. लांब मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावतात, लीच सॉक्स त्याहून बरे. लागली तर ओढून तोडू नका, नखाने तिचं तोंड बाजूने सरकवा. सापांचं मात्र गंभीरपणे घ्या. चापडा पानांच्याच रंगाचा असतो, दिवसा झुडपात हललाही नाही इतका स्वस्थ बसतो, आणि आपण नेमकं त्याच उंचीवर फुलात डोळा खुपसून बसलेलो असतो. कोकणातल्या सड्यांवर दगडाखाली फुरसं. लेन्सला डोळा लावण्याआधी फुलाच्या चारी बाजू नुसत्या डोळ्यांनी बघायच्या आणि दगडावर हात टेकायचा नाही.

कॅमेऱ्याला पावसाइतकाच त्रास दमटपणाचा. एसी गाडीतून थेट रानात उतरलात की लेन्स धुक्याने भरते, म्हणून पोहोचायच्या थोडं आधी एसी बंद करून काचा उघडा. घरी आल्यावर ओली पिशवी कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं. लेन्समध्ये एकदा बुरशी धरली की दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या गोष्टी करायला लागतो.

शहरात राहतो. सराव कुठे करू?

मुंबईत राणीची बाग, पुण्यात एम्प्रेस गार्डन, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची वनस्पती बाग. खिडकीतल्या कुंडीतलं फॅलेनॉप्सिसही उत्तम शिक्षक आहे : महिन्या-दोन महिन्यांचा मुक्काम, वारा नाही, आणि कॉलम-लिप मोठे असल्यामुळे रचना पाठ होते. रस्त्याकडेच्या जुन्या आंब्या-पिंपळांकडे मान वर करून बघायची सवय लावा, शहरातही रास्ना सापडते.

काढलेल्या फोटोंचं पुढे काय करायचं?

हार्ड डिस्कवर कुजवू नका. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंदवा, तिथे जाणकार ओळख पटवतात आणि तुमचा फोटो त्या जातीच्या त्या वर्षीच्या त्या जागेच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो. फारच वेगळं काही वाटलं तर पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे किंवा मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमकडे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाकडे) विचारता येतं. पाठवताना एकच सुरेख फोटो पाठवू नका, वर सांगितलेला सगळा संच पाठवा.

फाइलला नाव देताना आधी तारीख, मग तालुका, मग यजमान झाड किंवा जागेचा प्रकार, शेवटी वनस्पतीचं नाव. नाव ठरलं नसेल तर ‘हॅबेनारिया, जात अनिश्चित’ असं लिहा. अंदाजाने पक्कं नाव टाकलंत तर ते इंटरनेटवर पसरतं आणि पुढच्या नवख्याला शोधात तेच पहिलं मिळतं.